सोडलेल्या सात्या

अळंबीत काय काय असतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. प्रथिनं भरपूर, चरबी जवळजवळ नाहीच. पोट साफ राहील इतका चोथा. साखरेच्या आणि ब्लडप्रेशरच्या माणसाला चालणारी. ब गटातली जीवनसत्त्वं तिच्यात असतात, आणि शिजवण्याआधी घटकाभर उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्वही तयार होतं, जे बाकीच्या भाज्यांत शोधून सापडायचं नाही. हा पाठ मी भिलाईच्या सेक्टर सहामधल्या एका महिला केंद्रात हिंदीतून म्हणत असे. समोर सतरंजीवर पंधरा-वीस बायका, मागे भिंतीवर मीच रंगवलेला तक्ता, आणि टेबलावर गॅसची छोटी शेगडी. अळंबी लावायची कशी, शिजवायची कशी, खायची का, हे सगळं तीन आठवड्यांत शिकवायचं. नोकरीच ती होती.

त्या नोकरीची पहिली पाच वर्षं मी अळंबीचा एक तुकडाही तोंडात घातला नव्हता.

"मैडम, लगता कैसा है?" दर वर्गात एखादी विचारायचीच.

"मटन जैसा," मी सांगायची. हे उत्तरही पाठ केलेलंच होतं. वाटी बायकांमध्ये फिरायची, मी तोवर फडक्यानं टेबल पुसत राहायची. पुसून पुसून त्या टेबलाचा रंग गेला, पण कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

आमच्या घरात तिला अळंबी म्हणत नसत. तो शब्द मी पुढे एका मराठी पुस्तकात पहिल्यांदा वाचला. आम्ही भंडाऱ्याकडचे, आमच्यात सात्या म्हणतात. भाजी विकणाऱ्या छत्तीसगढी बाया फुटू म्हणायच्या. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. गावाकडची शेती काकांवर सोडून ते भिलाईला आले ते आलेच, पण पावसाळा लागला की त्यांच्यातला गावचा माणूस जागा व्हायचा. सात्या निघायच्या जेमतेम महिनाभर. सुट्टीच्या दिवशी बाबा सायकल काढून रसमडा गावाच्या बाजूला जायचे. तिथे रस्त्याच्या कडेला गावातल्या बाया पळसाच्या पानांवर वाटे लावून बसलेल्या असायच्या. वारुळातून निघालेल्या लांब देठाच्या सात्या, अंगाला सगळी माती. बाबा दहाजणींना ओलांडून एका ठरावीक म्हातारीकडूनच घ्यायचे. "सात्या नाही ओळखाच्या, आणणारीले ओळखाचं," ते म्हणायचे. पुढे मी वर्गात जंगली आणि विषारी अळंबीबद्दल बरंच काही शिकवलं, पण त्याहून शहाणं वाक्य मला तक्त्यावर लिहिता आलं नाही.

सात्या म्हणजे आमच्याकडे मटणच. सैपाकघरात त्यांना प्रवेश नव्हता. मागच्या अंगणात कोळशाची सिगडी पेटायची, मटण शिजवायचा वेगळा गंज निघायचा आणि शिजवायचे बाबा. आई दारात उभी राहून वाटलेला मसाला हातात द्यायची आणि सूचनाही द्यायची. बाबा त्यातली एकही ऐकायचे नाहीत. मग रस्सा पातळ व्हायचा. आई नाक मुरडायची आणि सगळ्यांत जास्त तीच खायची.

निवडायचं काम माझं. आठ वर्षांची होते तेव्हापासून. नळाखाली घमेलं ठेवायचं, एकेक सात्या हातात घ्यायची, देठावरची माती सुरीनं खरवडायची, छत्रीच्या आतल्या पापुद्र्यांत बसलेले कण बोटांनी काढायचे. तासभर लागायचा. कंटाळवाणं काम, पण शेवटी बाबा पहिला तुकडा मला द्यायचे, म्हणून मी करायची.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते त्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. आठ दिवसांनी ऊन पडलं होतं म्हणून मी केस धुतले होते आणि मागच्या पायरीवर वाळवत बसले होते. बाबा सायकल टेकवून पिशवी घेऊन आले.

"बाई, सात्या निवडून दे व."

"थांबा ना बाबा, आत्ताच केस धुतले. चिखलात कुठं हात घालू?"

ते थांबले. पंधरा-वीस मिनिटं थांबले असतील. मग रागावले नाहीत, काही नाही, स्वतःच घमेलं घेऊन नळापाशी उकिडवे बसले. मी पाहत होते. मला वाटलं, बरं झालं. तासाभरानं ते उठले आणि छातीवर हात चोळत म्हणाले, "भरून आल्यावानी वाटते, पडतो जरासा." आत जाऊन पडले. आई मसाला वाटून झाल्यावर त्यांना उठवायला गेली, ते उठले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की हृदय आधीपासूनच खराब झालेलं असणार. बसले असते तरी गेले असते, झोपले असते तरी गेले असते. डॉक्टर भला माणूस होता आणि बहुतेक खरंच बोलत होता. मी ते ऐकलं. ऐकलं एवढंच.

घमेलं तिथंच राहिलं, नळाखाली, पाण्यात. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत कोणाचं लक्ष गेलं नाही. चौथ्या दिवशी वास सुटला तेव्हा आत्यानं ते पाहिलं. बाबांची धाकटी बहीण, तुमसरहून आली होती, तोंडाची फटकळ. "कोनं ठेवलं व हे इथं?" ती ओरडली. आई ओट्याला टेकून बसली होती. तिनं घमेल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हाच लावून टाकला आणि पुढची बारा वर्षं तोच धरून बसले.

अस्थी घेऊन आम्ही प्रयागला गेलो. आई, मी, काका आणि आत्या. विधी आटोपल्यावर पंडितजी म्हणाले, "माताजी, अब अपनी पसंद की कोई एक चीज़ छोड़िए." आमच्याकडे ही रीतच आहे. तीर्थावर जायचं, गेलेल्या माणसाच्या नावानं आपल्या आवडीची एखादी खाण्याची वस्तू जन्मभरासाठी सोडायची. हुशार माणसं त्यातूनही वाट काढतात. आत्यानं तिच्या सासऱ्यांच्या वेळी अननस सोडला होता आणि अननस तिनं आयुष्यात तीनदा पाहिला होता. मला वाटलं आई आंबा म्हणेल, नाहीतर वांगं. आईनं विचारही केला नाही. "फुटू," ती म्हणाली. पंडितजींनी मान हलवली, तिच्या हातावर पाणी सोडलं, आणि झालं.

परतीच्या गाडीत आत्या म्हणाली, "वैनी भल्ली चलाख निघाली. महिनाभराची भाजी सोडली. बाकी अकरा महिने मोकळी!" गाडीतली माणसं हसली. आई खिडकीतून बाहेर पाहत होती. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मला कळलं एवढंच की बाबांचा जीव ज्या वस्तूपायी गेला ती आईनं सोडली, आणि ती वस्तू निवडायचं काम माझं होतं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही असं नाही, सगळं आठवतं, पण आपलं वाटत नाही. आईला बाबांच्या जागी प्लांटच्या शाळेत आयाची नोकरी मिळाली, म्हणून क्वार्टर राहिला. मी परीक्षा पास झाले. दुर्गच्या कॉलेजात होम सायन्सला नाव घातलं, रोज बसनं गेले आणि आले. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे हो, बापामागं आईला धरून राहिली. खंबीर कसली? दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तशी मी होते. दोन स्थळं आली, मी नाही म्हणाले. का, ते विचारलं तेव्हा सांगायला काही सापडलं नाही.

महिला केंद्रात नोकरी लागली तेव्हा मी शिवण आणि लोणची शिकवायची. मग वरून आलं की आता मशरूम शिकवायचं, आणि मला प्रशिक्षणाला रायपूरला पाठवलं. नाही म्हणावंसं वाटायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं. मी गेले. धानाचा पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, कापून भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, निथळून गार करायचा. गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बी आणि पैरा, एक थर हे एक थर ते, असं प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, भोकं पाडायची, अंधाऱ्या खोलीत टांगायचं. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी पडते. मग प्लास्टिक कापून रोज दोन-तीनदा पाणी शिंपडायचं की ढिंगरी अळंबीचे कान फुटतात. बाबांच्या सात्यांशी तिचं काही साम्य नव्हतं. माती नाही, निवडणं नाही. हात लावताना मला खडूला हात लावल्याइतकंच वाटायचं.

सरावासाठी मी घरच्या कोठीच्या खोलीत आठ पिशव्या टांगल्या. आई शाळेतून आली, दारातून पाहिलं, चप्पल काढली आणि आत निघून गेली. त्यानंतर ती मागच्या अंगणात जायला समोरून वळसा घालायची, कोठीसमोरून जायची नाही. आत्या आली तेव्हा मात्र पोट धरून हसली. "घ्या! महिनाभराची सोडली होती, आता लेकीनं बारमाही लावून ठेवली! देव काही फसत नाही व वैनी!"

आईचं वजन उतरायला लागलं ते मला दिसत होतं, पण मी पाहत नव्हते. एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात ती चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासलं. रक्त फार कमी, अंगावर मांस राहिलेलं नाही. गोळ्या दिल्या आणि विचारलं, खाता काय? आई म्हणाली, भात, पातळ वरण आणि आंबाडीची भाजी. मटण-अंडी बाबांच्या मागं घरात आलीच नव्हती. डाळ घट्ट झाली की तिला गॅस धरायचा, दूध पचायचं नाही. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, खाल्लं नाही तर ही बाई अंथरुणाला लागेल. मग माझ्याकडे वळले. त्यांची बायको माझ्या वर्गात येऊन गेली होती. "आप तो मशरूम सिखाती हैं. घर में ही है, वही खिलाइए."

त्या दिवसापासून माझा पाठ घरातही सुरू झाला. रोज संध्याकाळी. प्रथिनं, चोथा, पचायला हलकी, गॅस होत नाही. मशरूमनं रक्त वाढतं असं बायका म्हणायच्या. तक्त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं, पण अंगात ताकद यायला ती चालली असती, आणि मी तेवढंही वाढवून सांगितलं. आई ऐकून घ्यायची.

"सोडलं ना व मी," ती म्हणायची.

"मग त्याच्या बदली दुसरं काहीतरी सोड. वांगं सोड."

"देवाले काय बदलीचा अर्ज देऊ?"

दोन महिने असे गेले. तिचा ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागला. मला भीती वाटायला हवी होती. मी फक्त पाठ म्हणत होते.

मग थंडीतल्या एका रविवारी मी केंद्रातून घेऊन आलेली ताजी ढिंगरी सरळ सैपाकघरात, गॅसवर शिजवली. खोबरं, खसखस, बाबा घालायचे तो सगळा मसाला घातला. ताट वाढलं आणि आईसमोर ठेवलं. आणि पाठ सुरू केला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. ड जीवनसत्त्वापर्यंत मी आले तेव्हा म्हणाली, "तू खाते का?"

मी पाण्याचा पेला तिच्या ताटाशी सरकवला.

"मी देवाले बोलली म्हणून नाही खात. तू तं कोनाले बोलली नाही. तू कावून नाही खात?"

"तुला काय माहीत मी खात नाही ते?"

"पाच वर्षापासून पाहून राहिली मी. पिशव्या टांगते, तोडते, लोकाइले वाटते. एक बोट कधी चाटलं नाही."

तेव्हा मी बोलले. बारा वर्षांत पहिल्यांदा. "बाबांनी मला निवडायला सांगितल्या होत्या. मी केस धुतले होते म्हणून नाही म्हटलं."

"मले मालूम हाय," आई म्हणाली. "मी खिडकीतच होती. मसाला वाटून राहिली होती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू व? डाक्टरनं सांगतलं ते तुले पटलं नाही, माझं पटलं असतं? त्या दिवशी घमेलं निघालं तवा तुझं तोंड पाहिलं मी. म्हटलं, दरसाल पाऊस येईन, दरसाल सात्या येतीन, अन् हे पोरगी दरसाल असंच तोंड करून नळापाशी बसन. म्हणून सोडल्या. घरातच नाही आल्या पाहिजे म्हणून." तिनं ताटाकडे हात केला. "अन् तू तं पोतं भरभरून आणल्या!"

ती मला दोष देऊन राहिली आहे असं मी धरून चालले होते, आणि ती माझ्यासाठी आपली सगळ्यांत आवडती भाजी टाकून बसली होती. आत्यानं तिला चलाख म्हटलं तेव्हा मी तिची बाजूसुद्धा घेतली नव्हती.

"तू खा," आई म्हणाली. "तू खाल्लं तं मी बी खाईन."

मी एक तुकडा उचलला. मटणासारखा मुळीच लागत नव्हता. पाच वर्षं मी बायकांना खोटं सांगत आले होते. मऊ होता, थोडा रबरासारखा, मातीचा वास नाही. गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग ताट तिच्याकडे सरकवलं. तिनं ते एका बोटानं परत माझ्याकडे सरकवलं.

"मायं नाही सुटत. देवाले बोलली मी. तुझं सुटते, तू खा."

"तू आत्ता म्हणालीस ना खाईन म्हणून?"

"म्हणावं लागलं."

मला राग आला. असा राग की कानशिलं तापली. इतक्या वर्षांत काहीतरी आलं ते हे आलं. मी ओरडले. तुझं रक्त किती उरलंय माहीत आहे का, तुलाही बाबांसारखं पडल्या पडल्या जायचं आहे का, तू गेलीस तर मी या घरात पिशव्यांना पाणी घालत बसू का. शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू गेलं असेल. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मग ते थांबेचना. आईनं मला गप्प केलं नाही. रडून होईपर्यंत बसून राहिली.

मग शांतपणे म्हणाली, "अंडं आन. अंडं खाईन मी. अंडं काई सोडलं नाही."

मी नाक पुसत तिच्याकडे पाहत राहिले. "दोन महिने मी डोकं फोडून राहिले. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू सात्याच सात्या लावून राहिली होती. अंड्याचं इचारलं कुठं?"

खरंच होतं. तक्त्यात अंडं नव्हतं.

"आता ते संपव," आई म्हणाली. "अन्न टाकाचं नसते." मी रडतच ताट संपवलं. तिनं वाकून रश्शात पाहिलं, बोट लावलं नाही. "पाणी जास्त झालं. तुया बाबाचं बी असंच होये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नाक दाबून उकडलेलं अंडं खाल्लं, चहाच्या दोन घोटांनी खाली ढकललं, माझ्याकडे रागानं पाहिलं आणि शाळेत गेली. त्यानंतर ती रोज खायची आणि रोज तसंच पाहायची. हळूहळू तिनं अंग धरलं. सात्या तिनं शेवटपर्यंत खाल्ल्या नाहीत, पण मागच्या अंगणात मात्र ती पुन्हा कोठीसमोरूनच जायला लागली.

त्या आठवड्याच्या वर्गात वाटी फिरायला लागली तेव्हा पाटणकडच्या एका बाईनं विचारलंच, "मैडम, लगता कैसा है?"

मी फडकं खाली ठेवलं. वाटीतून एक चमचा घेतला, सगळ्यांसमोर खाल्ला आणि म्हटलं, "मटन जैसा नहीं लगता. पानी कम डालना. मेरे बाबा से हमेशा ज़्यादा हो जाता था."

"तो बिगड़ जाता था?" तिनं विचारलं.

"नहीं," मी म्हटलं. "पहला टुकड़ा मुझे देते थे."